बेंचवरचा सेंटर खरंच वाईट खेळला का? प्लस-मायनसमागचं गणित समजून घ्या

सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर एनबीएचा स्कोअर बघणारे आता आपल्याकडेही बरेच झालेत. मॅच लाईव्ह बघायला मिळतेच असं नाही, पण बॉक्स स्कोअर हमखास उघडला जातो. पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट या रकान्यांच्या शेवटी एक रकाना असतो: +/-. तिथे एखाद्या बदली सेंटरच्या नावापुढे −१४ दिसलं की ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, "याला का खेळवतात यार?"

हा आकडा खोटा नसतो. पण त्याचा अर्थ आपण जो लावतो तो बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि सगळ्यात जास्त चुकीचा बेंचवरून येणाऱ्या उंच खेळाडूच्या बाबतीत असतो. असं का होतं, टीमचे डेटावाले लोक त्यावर काय उपाय करतात आणि आपण फोनवर हे आकडे कसे वाचायचे, ते या लेखात बघूया. रिग्रेशन हा शब्द ऐकून घाबरू नका, आपण वडापावच्या गाडीवरून तिथे पोचणार आहोत.

आधी बेसिक: सेंटर नेमकं करतो काय?

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू कोर्टवर असतात. त्यातला सगळ्यात उंच, बास्केटजवळ राहणारा खेळाडू म्हणजे सेंटर. त्याला आणि त्याच्या जोडीच्या उंच फॉरवर्डला मिळून 'बिग' म्हणतात. बास्केट १० फुटांवर असते, त्यामुळे उंचीचा फायदा उघड आहे. पण बिगचं काम फक्त ब्लॉक आणि रिबाउंड एवढंच नाही.

तो गार्डसाठी स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभा राहून आपल्या माणसाला मोकळं करतो. मग बास्केटकडे पळतो, म्हणून समोरच्या टीमला आत गोळा व्हावं लागतं आणि बाहेर तीन पॉइंटवाल्याला जागा मिळते. डिफेन्समध्ये तो मागे उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगतो की कोण कुठून येतंय. यातलं बरंच काही बॉक्स स्कोअरमध्ये येतच नाही. म्हणूनच प्लस-मायनस हा आकडा आला. त्याची कल्पना साधी आहे: खेळाडूने काय केलं ते सोडा, तो कोर्टवर असताना टीम किती पुढे गेली किंवा मागे पडली ते मोजा.

बेंचचा प्रश्न येतो कुठून?

एनबीएची मॅच ४८ मिनिटांची असते. चांगला स्टार्टर सेंटरसुद्धा नेहमीच्या सीझनमध्ये साधारण ३४ मिनिटं खेळतो. उरली १४ मिनिटं. ती कोणाला तरी खेळावीच लागतात. शिवाय सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि बास्केटजवळ धक्काबुक्की करणाऱ्या सेंटरला फाउल पटापट लागतात. (आपल्याकडच्या कॉलेज स्पर्धांमध्ये आंतरराष्ट्रीय नियम असतात: ४० मिनिटं आणि पाच फाउल. म्हणजे प्रश्न तोच, फक्त अजून घट्ट.)

त्या १४ मिनिटांसाठी कोचकडे ढोबळमानाने चार रस्ते असतात.

पहिला, तसाच दुसरा आणायचा. स्टार्टर सेंटर बाहेर, बॅकअप सेंटर आत. सिस्टीम तीच राहते, क्वालिटी थोडी कमी होते.

दुसरा, वेगळ्या स्वभावाचा आणायचा. स्टार्टर ब्लॉक करणारा असेल तर बेंचवरून पास देणारा आणायचा आणि बेंचचा सगळा खेळ त्याच्याभोवती बांधायचा.

तिसरा, सेंटरच आणायचा नाही. फॉरवर्डलाच सेंटरच्या जागी खेळवायचं. याला स्मॉल-बॉल म्हणतात.

चौथा, दोन बिग एकत्र खेळवायचे आणि त्यांची मिनिटं अशी वाटायची की किमान एक जण कायम कोर्टवर राहील.

चारही रस्ते मोठ्या टीम्सनी वापरलेत. २०१५ च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने चौथ्या मॅचला सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढलं, आंद्रे इग्वोदालाला आणलं आणि ड्रेमंड ग्रीनला सेंटर केलं. मालिका ४-२ ने जिंकली आणि इग्वोदाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सने चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा प्लेऑफमध्ये निकोला योकिच सरासरी ३९ मिनिटांच्या आसपास खेळला. उरलेल्या थोड्याशा वेळात कोच माईक मलोनने बऱ्याचदा जेफ ग्रीन आणि ॲरन गॉर्डन या फॉरवर्डवरच भागवलं. २०२३-२४ मध्ये मिनेसोटाकडे गोबेअर आणि टाऊन्स हे दोन बिग सुरुवातीला, आणि बेंचवरून येणारा नाझ रीड तिसरा. दोन जागांची मिळून ९६ मिनिटं होतात, त्यातली बहुतेक या तिघांत वाटली जायची. रीडला त्या वर्षीचा 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला, आणि त्याच मिनेसोटाने प्लेऑफमध्ये सात मॅचच्या मालिकेत डेन्व्हरला घरी पाठवलं.

मुंबईत आलेली जोडी

दुसरा आणि चौथा रस्ता समजायला मात्र मला इंडियाना पेसर्सचं उदाहरण आवडतं, कारण ती टीम मुंबईत येऊन गेलीय. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात दोन प्री-सीझन मॅच झाल्या. भारतातल्या एनबीएच्या या पहिल्याच मॅच. पहिली ओव्हरटाइमला गेली आणि पेसर्सने १३२-१३१ अशी एका पॉइंटने काढली.

त्या पेसर्स टीममध्ये दोन सेंटर होते: माईल्स टर्नर आणि डोमांटास साबोनिस. दोघंही पावणेसात फुटांच्या वर, पण स्वभावाने एकदम वेगळे. टर्नर डिफेन्सवाला. २०१८-१९ च्या सीझनमध्ये ब्लॉक्सच्या सरासरीत तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. शिवाय बाहेरून तीन पॉइंटही टाकायचा. साबोनिस लिथुआनियाचा, पास देणारा, स्क्रीन लावणारा, रिबाउंड ओढणारा.

२०१८-१९ मध्ये टर्नर स्टार्टर आणि साबोनिस बेंचवर होता. साबोनिस कोरी जोसेफ, टायरीक इव्हान्स, डग मॅकडरमॉट यांच्याबरोबर यायचा आणि बेंचचा खेळ त्याच्या हातातून चालायचा. तो सिक्स्थ मॅनच्या शेवटच्या तीन दावेदारांत होता. म्हणजे दुसरा रस्ता, अगदी पुस्तकातल्यासारखा.

मग २०१९ च्या उन्हाळ्यात स्टार्टर फॉरवर्ड थॅडियस यंग टीम सोडून गेला आणि कोचने चौथा रस्ता धरला. टर्नर आणि साबोनिस दोघंही सुरुवातीच्या पाचात. त्याच सीझनला साबोनिस पहिल्यांदा ऑल-स्टार झाला. पण पुढची दोन-अडीच वर्षं एकच चर्चा चालू राहिली: हे दोघं एकत्र शोभतात का, की एकाला विकायचं? या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी डेटा वापरायचा म्हटलं तर नेमकं काय करावं लागतं? चला, आता गणिताकडे.

प्लस-मायनस कसं निघतं?

समजा आपली टीम मॅच ४ पॉइंटने जिंकली. स्टार्टर सेंटर ३४ मिनिटं खेळला, तेव्हा टीम +१०. बॅकअप १४ मिनिटं खेळला, तेव्हा −६. बेरीज +४, बरोबर.

पण ३४ आणि १४ मिनिटांची तुलना थेट कशी करणार? म्हणून आकडे दर १०० पझेशनमागे काढतात. पझेशन म्हणजे बॉल एका टीमकडे आल्यापासून दुसरीकडे जाईपर्यंतची एक पाळी. साध्या बॉक्स स्कोअरवरून ती मोजायचं प्रसिद्ध सूत्र असं: टाकलेले शॉट + ०.४४ × फ्री थ्रो − स्वतःच्या शॉटवर परत मिळवलेले रिबाउंड + टर्नओव्हर. ०.४४ कशाला? कारण फ्री थ्रो बहुतेक वेळा दोनच्या जोडीने मिळतात, पण कधी बास्केट झाल्यावर एकच मिळतो, कधी तीन मिळतात. सगळ्याची सरासरी अर्ध्याच्या थोडी खाली येते.

४८ मिनिटांत एका टीमच्या साधारण १०० पझेशन होतात असं धरू. मग ३४ मिनिटांत ७१, आणि १४ मिनिटांत २९. स्टार्टरचं नेट रेटिंग +१४, बॅकअपचं −२१. फरक तब्बल ३५ पॉइंटचा!

बघणारा म्हणणार, बॅकअप बेकार आहे. पण थांबा. त्या १४ मिनिटांत अजून कोण कोण बाकावर होतं? मेन गार्डही बसला होता. समोर मात्र त्यांचे दोन स्टार्टर अजून खेळत होते. खरा प्रश्न हा आहे की याच चार बेंचवाल्यांबरोबर, याच विरोधकांसमोर, बॅकअपच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झालं असतं? समजा दुसऱ्या कोणाबरोबर टीम −१० झाली असती. मग या −६ वाल्याने टीमचे ४ पॉइंट वाचवले. बॉक्स स्कोअर त्याला दोषी ठरवतो आणि प्रत्यक्षात मॅच त्याच्यामुळे हातात राहिली.

सुपरस्टारच्या सावलीतला बॅकअप

ही अडचण सगळ्यात जास्त जाणवते ती योकिचसारख्या खेळाडूच्या मागे. तीन वेळा एमव्हीपी झालेला हा सेंटर बसला की डेन्व्हरचे आकडे घसरतात, हे वर्षानुवर्षं दिसलंय.

इथे एक गंमत लक्षात घ्या. 'योकिच नसताना टीम' आणि 'बॅकअप सेंटर असताना टीम' ही जवळजवळ तीच मिनिटं आहेत. योकिचचं कौतुक करायला जो आकडा वापरला जातो, तोच आकडा उलटा करून बॅकअपच्या डोक्यावर मारला जातो. म्हणजे स्टार जितका मोठा, तितका त्याचा बॅकअप कागदावर वाईट. त्याने काहीही केलं तरी!

आता वडापावच्या गाडीवर चला

कोणाचा वाटा किती, हे वेगळं कसं काढायचं? असं समजा की कॉलेजबाहेरच्या गाडीवर मित्रमंडळी खातात. गाडीवाला प्रत्येकाचा हिशोब ठेवत नाही, फक्त एकूण बिल सांगतो.

सोमवारी रोहन, सायली आणि इम्रान आले. बिल १२० रुपये.
मंगळवारी रोहन, सायली आणि पूजा आल्या. बिल ९० रुपये.

यावरून काय कळलं? इम्रान पूजापेक्षा ३० रुपयांचं जास्त खातो. बस, एवढंच. इम्रान ६० आणि पूजा ३० आहे, की इम्रान ३० आणि पूजा काहीच खात नाही, हे सांगता येत नाही.

बुधवारी चौघंही आले. बिल १५०. आता सुटलं! सोमवारच्या बिलात पूजा वाढली आणि बिल ३० ने वाढलं, म्हणजे पूजा ३०. मंगळवारच्या बिलात इम्रान वाढला आणि ६० वाढले, म्हणजे इम्रान ६०. रोहन आणि सायली मिळून ६०. पण त्या दोघांत कोण किती? माहीत नाही, कारण ते कायम जोडीनेच येतात.

आता माणसांच्या जागी खेळाडू घाला आणि बिलाच्या जागी स्कोअरमधला फरक. कोर्टवरचे दहाही खेळाडू बदलले नाहीत असा खेळाचा तुकडा म्हणजे एक समीकरण. एका सीझनमध्ये अशी हजारो समीकरणं होतात. ती सगळी एकत्र सोडवून प्रत्येक खेळाडूचा वाटा काढायचा, याला ॲडजस्टेड प्लस-मायनस म्हणतात. डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञाने २००४ मध्ये ही पद्धत सगळ्यांसाठी मांडली. त्याआधीच वेन विन्स्टन आणि जेफ सगारिन यांनी डॅलस मॅव्हरिक्ससाठी असंच काम केलं होतं.

आता सेंटरकडे परत या. स्टार्टर आणि बॅकअप सेंटर म्हणजे इम्रान आणि पूजा: एक आला की दुसरा जातो. २०१८-१९ मधले टर्नर आणि साबोनिस बराचसा वेळ असेच होते, सोमवार-मंगळवारसारखे. त्या डेटावरून दोघांतला फरक दिसतो, पण प्रत्येकाची स्वतःची किंमत धूसर राहते. २०१९-२० मध्ये ते एकत्र सुरुवात करायला लागले आणि बुधवारची बिलं मिळायला लागली. फक्त टर्नर, फक्त साबोनिस आणि दोघंही, असे तीन प्रकारचे तुकडे. म्हणजे कोचचा एक निर्णय डेटावाल्यांसाठी एका प्रयोगासारखा असतो.

नशिबाचा भाग किती?

अजून एक घोळ आहे: सँपल साइझ. १० खेळाडूंमधून पाच निवडायचे तर २५२ लाइनअप होतात. १५ जणांची पूर्ण टीम धरली तर ३००३. त्यामुळे बहुतेक लाइनअप सीझनभर मिळून मोजकीच मिनिटं एकत्र खेळतात.

समजा एक बेंच लाइनअप ४० मिनिटं खेळली, म्हणजे साधारण ८० पझेशन. समोरच्या टीमने त्यात ३० वेळा तीन पॉइंटचा शॉट टाकला. नेहमीच्या ३६ टक्क्यांनी त्यातले ११ जायला हवेत. पण नुसत्या नशिबाने हा आकडा सहज अडीच-तीनने इकडे-तिकडे होतो (स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं तर २.६ येतं). अडीच शॉट म्हणजे जवळजवळ ८ पॉइंट. ८० पझेशनमध्ये ८, म्हणजे दर १०० पझेशनमागे १० पॉइंट. निव्वळ नशीब!

१० पॉइंट म्हणजे किती मोठे? २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने ६८ मॅच जिंकल्या आणि प्रत्येक मॅचला सरासरी १२.९ पॉइंटची आघाडी ठेवली. एनबीएच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी आघाडी. म्हणजे साधारण टीम आणि इतिहासातली सगळ्यात भारी टीम यांच्यातल्या अंतराचा मोठा भाग ४० मिनिटांत फक्त नशिबाने भरून निघू शकतो. त्यामुळे "या लाइनअपचं नेट रेटिंग −११ आहे" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: किती मिनिटं?

समीकरणं सोडवतानाही हाच त्रास होतो. जो खेळाडू थोडाच वेळ खेळलाय त्याची किंमत एकदम +१८ नाहीतर −२२ अशी येते. उपाय म्हणून जोसेफ सिलने २०१० मध्ये एमआयटी स्लोन परिषदेत रिज रिग्रेशन वापरून दाखवलं. कल्पना सोपी आहे: पुरेसा पुरावा नसेल तर प्रत्येकाला शून्याकडे, म्हणजे सर्वसाधारण खेळाडूकडे ओढायचं. जसजशी मिनिटं वाढतील तसतशी ओढ कमी होते आणि डेटा बोलायला लागतो. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनो, तुमच्या पहिल्या कोर्समध्ये 'रेग्युलरायझेशन' म्हणून जे येतं, ते हेच. वडापावच्या भाषेत: नवीन मुलगा एकदाच आला आणि त्या दिवशी बिल २०० झालं, तर लगेच त्याला खादाड ठरवू नका. कदाचित त्या दिवशी सायलीचा वाढदिवस असेल.

पण दोन बिग म्हणजे नुसती बेरीज नाही

या सगळ्यात एक गृहीतक लपलंय. इम्रान आणि पूजा एकत्र आले तरी तेवढंच खातात, असं आपण धरलं. ते एक प्लेट अर्धी-अर्धी वाटून घेत असतील तर?

बिगच्या बाबतीत हे गृहीतक सगळ्यात कच्चं आहे. दोन चांगले शूटर एकत्र असले तर दोघंही उपयोगी पडतात. पण बास्केटजवळ उभं राहणारे दोन सेंटर एकाच जागेसाठी भांडतात. ब्लॉक करायला एक जण पुरतो, दुसऱ्याला मग बाहेर चपळ फॉरवर्डमागे पळावं लागतं. आत गर्दी झाली की गार्डला घुसायला वाट उरत नाही. उलट एक बिग बाहेरून शूट करणारा असेल, तर दुसरा आत मोकळा होतो. म्हणजे खेळाडूची किंमत एक आकडा नसतो, ती शेजारी कोण आहे त्यावर ठरते. टर्नर-साबोनिसची चर्चा इतकी लांबली ती यामुळेच.

विरोधकावरही बरंच अवलंबून असतं. २०२५ च्या फायनलमध्ये थंडरसमोर वेगवान पेसर्स होते. पहिल्याच मॅचला कोच मार्क डेगनॉल्टने आपला बिग आयझाया हार्टनस्टाईनला बेंचवर बसवून गार्ड केसन वॉलेसला सुरुवातीला आणलं. मालिका अर्ध्यावर आल्यावर हार्टनस्टाईनला परत सुरुवातीच्या पाचात घेतलं. खेळाडू तोच, आठवडाभराचं अंतर. शेवटी थंडरने मालिका ४-३ ने जिंकली.

कॅमेरे काय वेगळं सांगतात?

स्कोअरमधल्या फरकावरून उलटा हिशोब लावण्यापेक्षा थेट कामच मोजलं तर? २०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक स्टेडियममध्ये छताला सहा कॅमेरे लागले. स्पोर्टव्ह्यू नावाची ती सिस्टीम सेकंदाला २५ वेळा प्रत्येक खेळाडूची आणि बॉलची जागा नोंदवायची. २०२३-२४ पासून हॉक-आय आलं. हो, क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूला बघता तेच. ते खेळाडू म्हणजे एक ठिपका न धरता हात, पाय, खांदे असे शरीराचे वेगवेगळे बिंदू टिपतं.

यामुळे बॅकअप सेंटरबद्दल नेमके प्रश्न विचारता येतात. तो जवळ असताना समोरचे बास्केटखालून किती टक्के शॉट घालतात? त्याच्या स्क्रीननंतर गार्डला किती जागा मिळते? तो शॉट रोखायला वेळेवर पोचतो का? या गोष्टी मॅचमध्ये बऱ्याच वेळा घडतात, आणि समोरच्याचा तीन पॉइंटचा शॉट नशिबाने गेला की नाही यावर त्या फारशा अवलंबून नसतात. म्हणून कमी मिनिटांतही थोडं खात्रीचं चित्र मिळतं.

फोनवर बघताना या पाच गोष्टी करा

१. एका मॅचचं प्लस-मायनस बघून कोणावरही मत बनवू नका. किमान २०-३० मॅचचं एकत्र बघा.

२. एनबीएच्या वेबसाईटवर स्टॅट्स विभागात लाइनअपचा डेटा फुकट मिळतो. तिथे मिनिटांच्या रकान्यावर क्लिक करून जास्त मिनिटांपासून क्रम लावा. आकर्षक आकडे बहुतेक वेळा तळाला, पाच-सात मिनिटंवाल्या लाइनअपमध्ये सापडतात. ते सोडून द्या.

३. बॅकअप सेंटरची तुलना स्टार्टरशी करू नका. तेच बेंच गार्ड दुसऱ्या सेंटरबरोबर किंवा स्मॉल-बॉलमध्ये कसे खेळले, त्याच्याशी करा.

४. टीमच्या आणि विरोधकांच्या तीन पॉइंटच्या टक्केवारीवर नजर टाका. विरोधक ४५ टक्क्यांनी शूट करत असतील तर तो दोष सेंटरचा असण्यापेक्षा नशिबाचा असण्याची शक्यता जास्त.

५. शेवटी, मॅचची दहा मिनिटं फक्त त्या एकाच खेळाडूकडे बघत काढा. बॉलकडे बघू नका. डोळ्यांना जे दिसेल ते आकड्यांशी जुळवून बघा.

हे सगळं मी का सांगतोय

इंजिनिअरिंगला असताना मी आमच्या टीमचा स्कोअर ठेवायचो. खेळायला जमत नव्हतं, पण एक्सेल जमायचं. तिसऱ्या वर्षी मी मोठ्या हौसेने सगळ्यांचं प्लस-मायनस काढलं आणि सरांना शीट दाखवली. आमचा बॅकअप सेंटर, माझ्या एक वर्ष मागचा मुलगा, यादीत सगळ्यात खाली होता. सरांनी शीट बघितली, मान हलवली आणि पुढच्या स्पर्धेच्या टीममध्ये त्याचं नाव आलं नाही. त्यानंतर तो प्रॅक्टिसलाच यायचा बंद झाला.

रिज रिग्रेशन मी नोकरी लागल्यावर शिकलो. सराव म्हणून जुनी शीट उघडली आणि लक्षात आलं की तो मुलगा आमच्या मेन गार्डबरोबर जवळजवळ खेळलाच नव्हता. आम्ही दमलो की तो आत जायचा, समोरचे स्टार्टर तोपर्यंत कोर्टवरच असायचे. त्याची मिनिटंही इतकी कमी होती की त्यांतून 'वाईट' काय किंवा 'चांगला' काय, काहीच सिद्ध होत नव्हतं. माझी बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. त्याला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "दादा, मला तेव्हाच माहीत होतं, पण तुझ्या शीटसमोर काय बोलणार?"

आता कामावर मी रोज असेच रकाने बनवतो, माणसांना नंबर देणारे: डिलिव्हरी करणाऱ्यांचं रेटिंग, कॉल सेंटरवाल्यांचा स्कोअर. अवघड भागात, रात्रीच्या शिफ्टला कोणाला पाठवलं जातं, हे त्या रकान्यात दिसत नाही. म्हणून कोणाच्याही नावापुढे उणे चिन्ह दिसलं की मी आधी बघतो, त्याच्याबरोबर कोर्टवर कोण होतं आणि तो किती मिनिटं खेळला. पुढच्या वेळी बॉक्स स्कोअर उघडाल तेव्हा तुम्हीही आधी एवढं बघा, आणि मगच ग्रुपवर मेसेज टाका.